एका हाताने उचलता येईल असा अँप्ली

१४ ऑक्टोबर १९९१

शाळेतून मिळालेली कोरी डायरी जानेवारीपासून कपाटात पडून होती. आज काढली. मनातलं कुठेतरी ओकल्याशिवाय मला उद्या वर्गात उभं राहता येणार नाही, आणि या घरात माझं बोलणं पुरतं ऐकून घ्यायला कोणाला वेळ नाही.

काल कुळगावला नवरात्राचा कार्यक्रम होता. आमच्या ऑर्केस्ट्रात मी हवाईयन गिटार वाजवते. लग्नाआधीपासून वाजवते. हल्लीचा मालक मधु तेव्हा मागे खुळखुळा हलवत उभा असायचा. माझा अँप्ली, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, वडिलांनी करून घेतलेला, जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हचा, चांगला कपाटाएवढा. पण त्यातून सूर असा यायचा की लोक वळून बघायचे, कोण गातंय म्हणून.

वाद्यांचा टेम्पो अंबरनाथहून दुपारीच निघाला होता. मी घरचं आटपून मागून गेले. स्टेजवर पोचते तर अँप्ली नाही. मधु म्हणाला, टेम्पोत जागा नव्हती. ड्रमला जागा होती. नव्या कीबोर्डला त्याच्या स्टँडसकट जागा होती. मधूच्या चकचकीत कोटाला हँगरवर लटकत यायला जागा होती. फक्त माझ्या अँप्लीला नव्हती.

"वहिनी, तुमचं ते कपाट उचलायला दोन माणसं लागतात. पोरं कुरकुर करतात. अ‍ॅडजस्ट करा ना आजच्या दिवस."

मग साउंडवाल्याने माझी गिटार गाण्याच्या माईकच्या पेटीला जोडली. आधी मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज आला, आणि मी तारांवरचा पोलादी बार वरच्या पट्टीत सरकवल्याबरोबर अशी शिट्टी बसली की पहिल्या रांगेतल्यांनी कानावर हात ठेवले. मागे कोणीतरी हसलं. मधूने खूण केली आणि माझा तुकडा कीबोर्डवाल्याने उचलला. त्याच्या त्या डब्यात 'गिटार' नावाचं बटण आहे म्हणे. उरलेला कार्यक्रम मी मांडीवर गिटार घेऊन, हात जुळवून बसून होते. पूजेला मांडल्यासारखी.

आमच्या ह्यांना, म्हणजे हिंदुरावांना, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कशाला डोक्यात राख घालून घेतेस, होतं कधी कधी असं."

असं त्यांच्या फॅक्टरीत झालं असतं, लेथ न देता लेथवर उभं केलं असतं, तर काय म्हणाले असते?

१६ ऑक्टोबर

संध्याकाळी ह्यांच्याबरोबर जाऊन मधूला गाठलं. स्पष्ट विचारलं, अडचण अँप्लीच्या वजनाची आहे ना? तो म्हणाला, हो वहिनी, बाकी काय. मी म्हटलं, मग मी असा अँप्ली आणते जो मी एकटी, एका हाताने उचलीन. दुसऱ्या हातात गिटार. तुझ्या पोरांनी बोटसुद्धा लावायला नको. तो हसला आणि म्हणाला, "आणा की. तुमची खुर्ची कुठे जाते?"

झालं तर. शब्द आहे त्याचा.

मी निघाले तरी हे त्याच्याशी पानाच्या टपरीवर बराच वेळ बोलत राहिले. घरी उशिरा आले. येताना माझ्यासाठी बटाटेवडे आणले होते, काही कारण नसताना. विचारलं काय बोलत होता, तर म्हणाले, असंच, क्रिकेटचं.

२७ ऑक्टोबर

आज ह्यांना घेऊन उल्हासनगरला गेले. निघताना सासूबाई म्हणाल्या, "म्या बी येऊ का?" मी म्हटलं, दिवाळीची गर्दी आहे तिथे, तुम्ही कुठे धक्के खात फिरणार. त्या बरं म्हणून आत गेल्या. चार वर्षं झाली सासरे जाऊन, साताऱ्याकडचं गाव सोडून त्या आमच्याकडे आल्या, पण इथे अजून त्यांचं मन रमत नाही. दिवसभर खिडकीशी बसून असतात.

दुकान मोठं, काचेचं. गिटार माझ्या हातात, बोलणं माझं, आणि शेठ उत्तर देतोय ह्यांना. "साहेब, मॅडमना शौक आहे का? हा घेऊन जा, लाइट पण लागते." खरंच लागत होती, आवाज केला की लाल-हिरवी. मी म्हटलं, मला दिवे नकोत, गिटार जोडून दाखवा. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे वायर जोडली.

खालच्या तारांना ठीक होतं. वरच्या तारेवर सूर धरून ठेवला की कापड टरकावं तसा फाटत होता. ही गिटार छेडून सोडून द्यायची नसते. सूर लांबवर ओढत न्यायचा असतो, आणि ओढताना तो स्वच्छ राहिला नाही तर वाजवायचंच कशाला? शेठ म्हणाला, मॅडम, पब्लिकला एवढं कळत नाही. हे म्हणाले, मलाही बरा वाटतोय.

गिटार उचलून मी दुकानाबाहेर पडले.

१० नोव्हेंबर

दिवाळीत तीन दुकानं झाली. एकाने मला लाउडस्पीकर दाखवला, निवडणुकीच्या रिक्षेवर असतो तसला. एकाने सांगितलं, घरच्या रेडिओच्या मागे जोडा. तिसऱ्याने हसून विचारलं, ताई, ही आडवी का ठेवता, उभी धरत नाहीत का?

माझ्या वडिलांनी मला हे वाद्य दिलं त्याचं कारण ऐकलं तर त्या दुकानदाराचं हसू वाढेल. मांडीवर आडवी ठेवून, खाली मान घालून वाजवायची, म्हणून मुलींना शोभते, असं त्यांचं मत होतं. त्या काळी कितीतरी घरांत मुलीच्या लग्नाआधी ही गिटार असायची, शिवणाच्या मशीनसारखी. बाकीच्यांच्या माळ्यावर गेल्या. माझी गेली नाही, एवढाच माझा गुन्हा.

१७ नोव्हेंबर

आज उल्हासनगरला एकटी गेले. कॅम्प तीनच्या एका बोळात टेकचंद म्हणून एक गृहस्थ गाडीत बसवायचे टेप बनवतात आणि त्यांच्यावर जपानी वाटतील अशी नावं डकवतात. त्यांना काय पाहिजे ते सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले.

"बहेनजी, छोटा पण पाहिजे, हलका पण पाहिजे, और आवाज भी साफ? दोन गोष्टी मागा. तिसरी सोडून द्या."

मी म्हटलं, तिन्ही पाहिजेत. सोडायच्या असत्या तर काचेच्या दुकानातूनच घेतला नसता का. ते म्हणाले, बाई हट्टी आहे. माझ्या तोंडावर म्हणाले. पण काम घेतलं, आणि निदान माझ्याशी बोलले, माझ्या मागे नवरा शोधला नाही.

१ डिसेंबर

पहिली पेटी बघितली. फुलासारखी हलकी आणि आवाज टिनाच्या डब्याचा. टेकचंद म्हणाले, दोष तुमच्या गिटारमध्ये आहे. मी तिथेच स्टुलावर बसले, मांडीवर गिटार घेतली आणि वरचा सूर धरला. सोडला नाही. शेवटी तेच म्हणाले, बस करो, फटता है, फटता है, समझ गया. स्पीकर बदलतो म्हणाले.

१२ डिसेंबर

दुसऱ्या पेटीचा आवाज खरंच चांगला. पण त्यांनी आत एवढा मोठा लोखंडी ट्रान्सफॉर्मर बसवलाय की रिक्षेतून उतरून दुसऱ्या मजल्यापर्यंत येताना माझा खांदा निखळायचा बाकी राहिला. पहिल्या वळणावरच टेकवली. सासूबाई आवाज ऐकून खाली आल्या, एका बाजूने हात लावला. वर आल्यावर त्यांनी ती दोनदा उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "जड हाय गं. ह्याच्यापरीस हलकी मिळंल का?"

मला असा राग आला. दिवसभर दुकानदारांचं ऐकायचं, मधूचं ऐकायचं, आणि घरी येऊन सासूबाईंचंही. वजनाची उठाठेव प्रत्येकाला. मी म्हटलं, तुम्हाला कुठे उचलायची आहे. त्यांनी पेटीवरचा हात काढून घेतला.

उद्या पेटी परत.

२२ डिसेंबर

मिळाला. माझा अँप्ली मिळाला.

टेकचंदांशी आधी कडाक्याचं भांडण झालं. ते म्हणत होते, मोठा आवाज पाहिजे तर लोखंड उचलावंच लागेल. मी म्हटलं, मोठा कोणी मागितला? स्वच्छ मागितला. मोठ्या स्टेजवर त्याच्यासमोर माईक ठेवता येतो, मला फक्त सूर फाटायला नको. ते एकदम थांबले. म्हणाले, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ऐकलं आज.

ट्रान्सफॉर्मर त्यांनी काढूनच टाकला. आता पेटी स्कूटरच्या बॅटरीवर चालते. बॅटरी वेगळ्या कापडी पिशवीत, ती खांद्याला. पेटी एका हातात, गिटार दुसऱ्यात. आठ इंची स्पीकर, काळं रेक्झिन, वर ट्रंकेची मूठ. टेकचंद त्यावर एक जपानी नाव डकवायला निघाले होते, मी नको म्हटलं.

घरी स्वयंपाकघरासमोर ठेवून वाजवला. सूर वर नेला, नेला, आणि तिथे थांबवला. काचेवरून पाण्याचा थेंब सावकाश ओघळावा तसा तो खाली आला. कुठे फाटला नाही. मी डोळे उघडले तर सासूबाई पिठाचे हात घेऊन दारात उभ्या. मी वाट पाहत होते काही टोमणा येतो का याची. त्यांनी विचारलं,

"आता ही पेटी कुठं कुठं न्यायची?"

"जिथे कार्यक्रम असेल तिथे."

"बायामाणसं असत्यात का तितं, ऐकाया?"

"असतात की."

मग त्यांनी पेटी उचलून पाहिली, एका हाताने, आणि जागच्या जागी ठेवली. म्हातारपणी माणसाला कशाचंही कुतूहल वाटतं.

२९ डिसेंबर



आज तालमीला गेले. जिने एकटी चढले, मुद्दाम सगळ्यांच्या समोरून. पेटी ठेवली, वाजवली. ढोलकीवाला उठून जवळ येऊन बसला. मधूनेही वा म्हटलं. मी विचारलं, मग बावीस जानेवारीच्या कार्यक्रमाला माझी गाणी कोणती?

तो इकडे तिकडे बघायला लागला. म्हणाला, आता पब्लिकला फास्ट लागतं. म्हणाला, ही गिटार ऐकून लोकांना दुपारच्या रेडिओची आठवण येते. मग म्हणाला, कार्यक्रम उशिरापर्यंत चालतात, तुम्ही शिक्षिका, बरं दिसत नाही. इतकी वर्षं बरं दिसत होतं. मी म्हटलं, मधु, वजनाची अडचण होती ना? तो म्हणाला, "वहिनी, वजनाचं मी असंच म्हटलं होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

मी वायर गुंडाळायला लागले. तेव्हा तो जवळ आला आणि हळूच म्हणाला,

"पेटी मात्र ठेवून जा ना. कीबोर्डला एकदम फिट आहे."

 मस्करी करत असेल असं वाटलं. करत नव्हता.

पेटी उचलली आणि खाली आले. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ऐकताना हे माझ्याकडे बघेनात, पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. तेव्हा मला टपरीवरचं क्रिकेट आठवलं. विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, हो. ऑक्टोबरमध्येच मधु म्हणाला होता की गिटार बंद करायची आहे, तूच वहिनींना समजाव.

"तुझा चेहरा बघून मला सांगवेना," ते म्हणाले. "वाटलं, अँप्ली शोधता शोधता तूच कंटाळशील."

म्हणजे मी दुकानं पालथी घालत होते, टेकचंदांशी भांडत होते, खांदा मोडून घेत होते, आणि हे मी कंटाळायची वाट पाहत होते. माझ्याशेजारी बसून, वडे खात.

३० डिसेंबर

अबोला. स्वयंपाक केला, कारण सासूबाईंचा काय दोष.

५ जानेवारी १९९२

शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीने बेलवलीच्या महिला मंडळाकडून विचारणा आली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तासभर गिटार वाजवाल का? अध्यक्ष राजाबाई स्वतः येऊन आमंत्रण देऊन गेल्या. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, आपल्या बायकांपैकी कोणी असं वाद्य वाजवतं याचा आम्हाला अभिमान आहे. मी लगेच हो म्हटलं. मधूच्या स्टेजची मला गरज नाही हे आता त्याच्या कानावर जाईलच.

राजाबाईंना चहा सासूबाईंनीच दिला. त्या गेल्यावर सासूबाई कप विसळता विसळता म्हणाल्या, समद्या बायाच असणार म्हन की. मी म्हटलं, हो, हळदीकुंकूच आहे ते. त्या हं म्हणाल्या. आणखी काही म्हणायच्या होत्या बहुतेक, पण मी गाणी काढायला बसले.

२५ जानेवारी

सगळं जसं झालं तसं लिहिते.

सकाळपासून हे पेटीभोवती घुटमळत होते. मी पोचवतो म्हणाले. मी नको म्हटलं. अबोला सुटलाय, राग सुटलेला नाही. तरी निघताना बॅटरीची पिशवी खांद्यावर घेतली तर पट्टा शिवणीतून उसवला. तोपर्यंत हे ड्यूटीवर गेले होते. सासूबाईंनी पिशवी काखोटीला मारली आणि चपला घातल्या.

"चल. म्या पोचिवते आन् भाईर बसते. आत न्हाई येत."

मला उशीर होत होता. बरं म्हटलं. रिक्षेत त्या पिशवी मांडीवर धरून सरळ बसल्या होत्या. इरकली लुगडं नेसल्या होत्या, ठेवणीतलं. ते माझ्या लक्षात आलं ते रिक्षेत.

बेलवलीला मंडळाचा हॉल भरलेला. अत्तर, गजरे, वाणाच्या स्टीलच्या वाट्या. राजाबाईंनी माझं स्वागत केलं, मला कुंकू लावलं. मागे सासूबाई दिसल्यावर त्यांचा हात करंड्यावरच थांबला. मग त्याच गोड आवाजात म्हणाल्या, आजी, तुम्ही इकडे पायरीवर बसा, आत फार उकडतं. पायरीवर चपलांचा ढीग होता. सासूबाईंनी दोन चपला बाजूला सारल्या आणि पिशवी माझ्या काखेत सरकवून तिथे बसल्या.

मी आत जाऊन पेटी ठेवली, बॅटरी जोडली, तारा जुळवायला लागले. मला समोर दार दिसत होतं. दारात सासूबाईंची पाठ. सूर ऐकून त्या मागे वळून बघत आणि कोणी पाहिलं की पुन्हा रस्त्याकडे तोंड करत. तेवढ्यात आतल्या खोलीतून विठा म्हणून एक बाई तिळगुळाचं मोठं ताट घेऊन आली. सगळे लाडू तिनेच वळलेत, असं राजाबाई कौतुकाने सांगत होत्या. ताट ठेवून तीही मुकाट्याने बाहेर जाऊन पायरीवर बसली. तिच्याही कपाळावर काही नव्हतं.

वजनाची चौकशी, बाया असतात का ही चौकशी, पिठाचे हात. तीन महिने ही बाई मला विचारत होती की तुझ्याबरोबर मी कुठे येऊ शकते का. आणि मी तिला उत्तर दिलं होतं, तुम्हाला कुठे उचलायची आहे.

मी उठले. राजाबाईंना म्हटलं, माझ्या सासूबाई आणि त्या विठाबाई आत बसतील, मग मी वाजवते.

राजाबाई म्हणाल्या, "अहो, रीत असते. आम्ही त्यांचा मान ठेवतोच ना."

"मग तो आत ठेवा. चपलांत का ठेवलाय?"

 एक तरुण मुलगी सरकून जागा करायला लागली, तिच्या शेजारणीने तिला दाबून बसवलं. राजाबाईंचा आवाज अजून गोडच होता. म्हणाल्या, "नीलिमाताई, तुम्ही वाजवायला आलात ना? वाजवा. बाकीचं आमच्यावर सोडा."

मधूचीच तऱ्हा. फक्त कोटाऐवजी पैठणी.

मी वायर काढली. जुनी पेटी असती तर तिथेच अडकले असते. उचलायला दोन माणसं शोधत, त्यांची मनधरणी करत, आणि ती मिळेपर्यंत वाजवतही. हलका अँप्ली कशासाठी हवा असतो हे मला मधूने नाही, टेकचंदांनी नाही, आज त्या हॉलने शिकवलं. एका हातात पेटी घेतली, एका हातात गिटार, बॅटरीची पिशवी काखोटीला मारली आणि दाराबाहेर आले.

सासूबाई घाबरल्या. "अगं, काय करतीस? म्या बरी हाय हितं. माझ्यापायी तुझा कार्यक्रम मोडू नगंस."

"मोडत नाही. जागा बदलतेय."

विठाची खोली समोरच, रस्त्यापलीकडे. पुढे शेणाने सारवलेला ओटा. तिने विचारलंसुद्धा नाही, धावत जाऊन चटई आणली. मी बसले, मांडीवर गिटार घेतली. एका बाजूला विठा, एका बाजूला सासूबाई, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. पहिली धून मला नीट जमली नाही, राग हातात उतरला होता. दुसरी जमली. शेजारच्या दारातून एक म्हातारी आली, मग कडेवर मूल घेतलेली एक, मग दोघीजणी. हॉलच्या खिडकीत गजरे दिसायला लागले. ती सरकणारी मुलगी बाहेर येऊन चपला शोधत होती.

सासूबाईंचा पदर केव्हा खाली आला मला कळलं नाही. गळा मोकळा, चेहरा वर. या बाईला मी चार वर्षांत इतकं समोरून पाहिलंच नव्हतं.

मग मंडळातली एक बाई रस्ता ओलांडून आली. अवघडून म्हणाली, राजाबाईंचा निरोप आहे, आवाज जरा कमी करा, आत उखाणे ऐकू येत नाहीत.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी त्या बाईकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं, आणि पेटीच्या बटणाकडे बोट करून विचारलं,

"वाढवायचं ह्येच का?"

मी हो म्हणायच्या आत त्यांनी ते फिरवलं होतं.